कॅश व्हॅन, फुलांची गाडी आणि एक शब्द : मराठी सबटायटलच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळात ऑगस्टमध्ये एक जुना गुन्हेपट दाखवायचे ठरले आणि त्याला मराठी सबटायटल करण्याचे काम माझ्याकडे आले. फिर्यादी, जबाब आणि निकालपत्रे यांचे इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत भाषांतर करणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे "पोलिसांचा मामला आहे, तुम्हालाच जमेल" असे म्हणून सगळे मोकळे झाले. मंडळातल्या काहींना चोरीचा खोटा आळ आलेल्या पोलिसाची गोष्ट हवी होती. मी तिच्या नेमकी उलटी गोष्ट सुचवली : पोलिसातून निवृत्त झालेला अधिकारीच चोरीचा बेत आखतो आणि आळ एका भलत्याच माणसावर येतो.

चित्रपट १९५२ सालचा, कृष्णधवल, ९९ मिनिटांचा आहे. नाव 'कॅन्सस सिटी कॉन्फिडेन्शियल', दिग्दर्शक फिल कार्लसन, छायालेखक जॉर्ज डिस्कांट. ब्रिटनमध्ये तो 'द सीक्रेट फोर' या नावाने लागला होता, आणि त्या नावातला चारचा आकडा पुढे मला वेगळ्याच कारणाने उपयोगी पडणार आहे असे दिसते. अमेरिकेत त्या काळी पहिल्या २८ वर्षांनंतर हक्कांचे नूतनीकरण करावे लागे, ते या चित्रपटाच्या बाबतीत झाले नाही, म्हणून तो तिथे सर्वांसाठी खुला आहे. आपल्याकडच्या कायद्यातही चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, तेव्हा तो हिशेब २०१२ अखेर संपला. हे सर्व लिहून मी मंडळाच्या चिटणिसांना दिले, कारण ऐन वेळी कोणीतरी हा प्रश्न काढतोच.

५ जून, बुधवार

आज संपूर्ण चित्रपट दोनदा पाहिला. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा हातात वही घेऊन.

सुरुवात फार चांगली आहे. बँकेसमोरच्या इमारतीतल्या खोलीत एक माणूस खिडकीशी उभा राहून घड्याळ लावतो आणि कागदावर वेळा टिपतो. बँकेची कॅश व्हॅन येते, आणि शेजारच्या फुलांच्या दुकानाची मालगाडीही ठरलेल्या वेळेला तिथेच येऊन थांबते. हा माणूस म्हणजे टिम फॉस्टर, आणि ती भूमिका प्रेस्टन फॉस्टर या नटाने केली आहे. तो तीन अट्टल गुन्हेगार जमवतो, त्या सर्वांना मुखवटे घालायला लावतो आणि स्वतःही मुखवट्याशिवाय त्यांच्यासमोर येत नाही, म्हणजे पकडला गेलेला माणूस इतरांची नावे सांगू म्हटले तरी सांगू शकणार नाही. फुलांच्या गाडीसारखी हुबेहूब दुसरी गाडी तयार करून हे लोक १२ लाख डॉलर पळवतात आणि पोलीस खऱ्या गाडीच्या चालकाला, जो रॉल्फला, उचलतात. तो युद्धात पदक मिळवलेला आहे आणि एकदा शिक्षाही भोगून आलेला आहे. या दोहोंपैकी पोलिसांच्या लक्षात कोणती गोष्ट राहते, हे सांगायला नको.

त्या काळच्या अमेरिकन चित्रपटसृष्टीच्या नीतिनियमांत चोरीची पद्धत तपशिलाने दाखवू नये असे कलम होते. हा चित्रपट मात्र पहिल्या काही मिनिटांतच घड्याळ लावून ती पद्धत शिकवतो, आणि शेवटी सगळ्या गुन्हेगारांना शासन करून नियमाचा मान राखतो.

९ जून, रविवार

एक आठवडा वाया गेला, आणि त्याला सर्वस्वी माझाच हलगर्जीपणा कारण आहे. पहिल्या वीस मिनिटांचे सबटायटल मी एका प्रतीवर बसवले आणि ज्या प्रतीवरून चित्रपट दाखवणार ती लावून पाहिली, तर सुरुवातीची वाक्ये जवळपास जागेवर होती, पण विसाव्या मिनिटाला ओळी पन्नास सेकंदांहून अधिक आधी उमटत होत्या. फॉस्टर बोलायच्या आधीच त्याचे बोलणे पडद्यावर येऊन निघून जात होते. माझी पहिली प्रत सेकंदाला २५ चित्रचौकटींची निघाली आणि दुसरी २३.९७६ ची. ९९ मिनिटांचा चित्रपट पहिल्या प्रतीत ९५ मिनिटांत संपतो, हे मी फाइलची लांबी पाहूनच ओळखायला हवे होते. सर्व वेळांना १.०४२७ ने गुणून गाडी रुळावर आणली. यापुढे कामाची प्रत एकच.

१६ जून, रविवार

आज ज्या शब्दापाशी अडलो, तो शब्दच या चित्रपटाचा कणा आहे. निरपराध माणसाच्या माथी गुन्हा मारण्याला इंग्रजीत 'फ्रेम' असे एकाक्षरी क्रियापद आहे. चित्राला चौकट बसवावी तसा माणूस गुन्ह्यात बसवायचा, असे काहीसे चित्र त्यामागे आहे. मराठीत माझ्या रोजच्या कागदपत्रांत "खोट्या गुन्ह्यात गोवले" हा शब्दप्रयोग इतक्या वेळा येतो की तो लिहिताना हात आपोआप चालतो. आरोपीच्या प्रत्येक जामीन अर्जात तो असतोच. बोलताना मात्र लोक "अडकवलं", "केस अंगावर टाकली", "माझ्या नावावर खपवलं" असे म्हणतात. 'बळीचा बकरा' वर्तमानपत्री झाला आहे, तरी तो एखाद्या ठिकाणी चालेल.

पत्त्यांच्या खुणेमुळे एक मोह झाला तो इथे नोंदवून ठेवतो. फॉस्टर आपल्या साथीदारांना ओळख म्हणून राजाचे फाडलेले पत्ते देतो. मुखवट्याआडची माणसे पुढे याच तुकड्यांवरून एकमेकांना ओळखणार असतात. मराठीत पत्त्यांतल्या एका रंगाचे नावच 'चौकट' आहे, तेव्हा 'चौकटचा राजा' हे मराठी शीर्षक म्हणून किती शोभले असते! पण त्याच्या अगदी जवळच्या नावाचा एक गाजलेला मराठी चित्रपट आधीपासून आहे आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा तोच येईल, म्हणून सोडून दिले. पत्त्याला 'बादशहा' म्हणावे की 'राजा', यावर घरात बराच खल झाला. आईने घरी सगळे 'राजा'च म्हणायचे असा निकाल दिला आणि मी तो मान्य केला.

तूर्त 'गोवले' ठेवून पुढे जातो.

२२ जून, शनिवार

चौकशीचे दृश्य केले. रॉल्फला पोलीस ठाण्यात मारतात, आणि हे करणारे पोलीस खलनायक नसून आपले नेहमीचे काम करणारे अधिकारी आहेत, हे कार्लसन लपवत नाहीत. डिस्कांटचा कॅमेरा घामेजलेल्या चेहऱ्यांच्या इतका जवळ जातो की सबटायटलसाठी खालची जागा सोडायची म्हटले तर हनुवटीवरच ओळ येते. दृश्याचा ताण राहावा म्हणून मी इथे एका वेळी एकच ओळ ठेवली.

आरोपीला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क समजावून सांगण्याची सक्ती अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालानंतर आली, म्हणजे ही घटना तिच्या चौदा वर्षे आधीची आहे. 'थर्ड डिग्री' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याला प्रतिशब्द शोधणे हा वेडेपणा ठरेल. 'कबुलीजबाब' मात्र मी जपून वापरला. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार (१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार) आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, आणि हे माहीत असलेल्या मराठी प्रेक्षकाला "मग हे मारतात कशाला?" असा प्रश्न पडेल. अर्थात कलम असूनही आपल्याकडे काय होते हे त्याच प्रेक्षकाला माहीत असते, त्यामुळे तो प्रश्न फार वेळ टिकणार नाही.

मोजणीचा एक घोळ. सबटायटलच्या सॉफ्टवेअरने ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा घातली आहे, पण ते मात्रा आणि हलन्तही वेगवेगळे मोजते. 'कबुलीजबाब' वाचणाऱ्याला सहा अक्षरांचा वाटतो, सॉफ्टवेअरला नऊचा. 'स्त्री' हे डोळ्यांना एक अक्षर, यंत्राला सहा. मी ती लाल खूण दुर्लक्षून ओळ मोठ्याने वाचून पाहतो, आणि माझे वाचन पात्राच्या बोलण्याआधी संपले नाही तर कापतो.

१ जुलै, सोमवार

आजपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कार्यालयात दिवसभर जुन्या कलमांचे नवे आकडे लावण्याचे काम चालले होते. त्याच गडबडीत माझ्या सबटायटलमधली एक ठसठशीत चूक सापडली. मी सर्वत्र 'दरोडा' लिहिले होते. बँक लुटली की वर्तमानपत्रे दरोडाच म्हणतात. कायद्यात मात्र दरोड्याला पाच किंवा अधिक माणसे लागतात (जुने कलम ३९१, आता ३१०), त्याहून कमी असतील तर ती जबरी चोरी (आता ३०९). आमच्या टोळीत प्रत्यक्ष तिघे आणि चौथा सूत्रधार. 'द सीक्रेट फोर'! ब्रिटिश वितरकांनीच माझा प्रश्न सोडवून ठेवला होता.

पण गुन्हेगार आपसांत 'जबरी चोरी' म्हणतील का? असे बोलणारा माणूस थेट न्यायालयाच्या बाकावरून उठून आल्यासारखा वाटेल. म्हणून असे ठरवले : पोलीस आणि विमा कंपनीचा तपास अधिकारी बोलताना 'लूट', गुन्हेगार बोलताना 'काम', आणि चित्रपटातल्या वर्तमानपत्राच्या मथळ्यात 'दरोडा'. मथळे सगळीकडे असेच असतात.

७ जुलै, रविवार

तू आणि तुम्ही. इंग्रजीतल्या एका 'यू'मागे जे लपून जाते ते मराठीत पहिल्याच वाक्याला उघडे पडते.

फॉस्टर त्या तिघांना मुखवट्याआडून हुकूम देतो. पहिल्या खर्ड्यात मी त्यांना त्याच्याशी 'तुम्ही' बोलायला लावले होते, आणि ते चुकले, कारण हे लोक त्याला ओळखत नाहीत आणि त्याच्यावर विश्वासही ठेवत नाहीत. पीट हॅरिस (जॅक एलम) सिगारेटच्या धुराआडून कोपऱ्यात सापडलेल्या जनावरासारखा पाहतो, बॉइड केन (नेव्हिल ब्रँड) गम चघळत राहतो, टोनी रोमानो (ली व्हॅन क्लीफ) बायकांपलीकडे कशात रस नसल्यासारखा वागतो. हे तिघे कोणालाच 'तुम्ही' म्हणणार नाहीत. फॉस्टरने मात्र त्यांना 'काय रे' म्हणायला हवे. सराईत गुन्हेगाराशी पहिल्या भेटीत अरेतुरेवर येणे ही पोलिसी सवय आहे. तो कधी काळी पोलीस कॅप्टन होता हे चित्रपट पुढे सांगतो, पण मराठी कान ते आधीच ऐकतील. हे फायद्याचे की तोट्याचे, यावर दोन दिवस विचार केला आणि 'काय रे' फक्त एकदाच ठेवला.

फॉस्टरची मुलगी हेलन (कोलीन ग्रे) कायद्याचे शिक्षण घेते आहे. ती वडिलांना 'बाबा, तुम्ही' म्हणेल. माझ्या पिढीच्या आधीच्या घरांत 'तू' नव्हते. रॉल्फशी ती 'तुम्ही'वर सुरुवात करते, आणि मेक्सिकोतल्या मुक्कामात एका वाक्यापासून 'तू'वर येते. ते वाक्य कोणते, हे मूळ संवादात कुठेही खुणावलेले नाही. मी तिच्या आवाजावरून निवडले.

१४ जुलै, रविवार

फॉस्टर हे का करतो, हे मराठी ओळींतून कळायला हवे म्हणून थोडे वाचन केले. राजकारणामुळे आपल्याला पोलिसातून बाहेर पडावे लागले, हे त्याचे शल्य आहे. चोरीचा पैसा खर्च करणे हा त्याचा बेतच नाही. तिन्ही साथीदारांना मालासकट विमा कंपनीच्या हवाली करायचे, बक्षीस घ्यायचे आणि गेलेली पत परत मिळवायची, असा त्याचा डाव आहे.

कॅन्सस सिटीच्या प्रेक्षकाला १९५२ मध्ये हे कारण पटायला वेळ लागला नसेल. टॉम पेंडरगास्टच्या राजकीय टोळक्याने ते शहर अनेक वर्षे मुठीत ठेवले होते. १९३२ मध्ये पोलीस दल शहराच्या ताब्यात आले म्हणजे व्यवहारात त्याच्याच माणसांच्या हाती गेले. १९३९ मध्ये करचुकवेगिरीत पेंडरगास्ट तुरुंगात गेला आणि त्याच वर्षी मिझुरी राज्याने दल पुन्हा स्वतःकडे घेतले. पोलीस खाते एकदा याच्या आणि एकदा त्याच्या ताब्यात जाणे म्हणजे काय, हे आपल्याकडे बदल्यांच्या मोसमात कोणत्याही पोलीस ठाण्यात विचारावे.

१२ लाखांचा आकडा आणि मुखवटे पाहून बॉस्टनच्या ब्रिंक्स चोरीची आठवण होते. १७ जानेवारी १९५० रोजी रबरी मुखवटे घातलेल्या टोळीने तिथून १२ लाख १८ हजार डॉलर रोख नेले होते, आणि हा चित्रपट आला तेव्हा चोर सापडलेले नव्हते. ते १९५६ च्या जानेवारीत, खटल्याची मुदत संपायला काही दिवस उरले असताना पकडले गेले. आणि चित्रपटानंतर वर्षभरात, सप्टेंबर १९५३ मध्ये, खुद्द कॅन्सस सिटीत बॉबी ग्रीनलीझ या मुलाचे अपहरण झाले. ६ लाखांची खंडणी दिली गेली, मुलाचा आधीच खून झालेला होता, आणि सेंट लुइसमध्ये आरोपी पकडल्यावर खंडणीतली निम्मी रक्कम नाहीशी झाली. त्या प्रकरणात दोन पोलिसांना खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली. यातले काहीही सबटायटलमध्ये जाणार नाही, पण फॉस्टरची वाक्ये लिहिताना हात थोडा धीमा झाला.

१७ जुलै, बुधवार

आषाढीची सुटी. मेक्सिकोतल्या तिजुआनाचा भाग पुरा केला. हॅरिस विमानतळावर पोलिसांच्या गोळ्यांनी मरतो आणि रॉल्फ त्याच्या जागी, त्याच्या खुणा घेऊन, बोराडोसला, म्हणजे टोळी पुन्हा जमणार असते त्या मेक्सिकोतल्या ठिकाणी, जातो. स्पॅनिश वाक्ये सबटायटलविना सोडली, कारण रॉल्फप्रमाणे आपल्यालाही ती कळू नयेत.

२१ जुलै, रविवार

आमच्या आळीतल्या निवृत्त हवालदारकाकांना घरी बोलावून कच्ची प्रत दाखवली. चहा झाल्यावर ते सोफ्यावर नीट सावरून बसले आणि दीड तास एक शब्द बोलले नाहीत. मध्यंतरी वीज गेली तेव्हाही टीव्हीच्या काळ्या पडद्याकडेच पाहत राहिले.

संपल्यावर मी विचारले, "काका, भाषा कळली ना?"

"भाषा झकास आहे. पण मास्तर, तुम्ही एक शब्द चुकीचा घातलाय."

"कोणता?"

"गोवला, गोवला म्हणताय तुम्ही. अहो, त्याला कोणी गोवलाय कुठे? त्या म्हाताऱ्याने माणूस नाही निवडला, गाडी निवडली. आतला ड्रायव्हर कोण, याची त्याला फिकीरही नव्हती. तो रेकॉर्डवरचा निघाला म्हणून पोलिसांना आयता मिळाला. आम्ही पण आधी रेकॉर्डवरचाच उचलायचो."

"मग काय म्हणावं?"

"आळ आला म्हणा की."

दुसरीही एक गोष्ट त्यांनी दाखवली. खरा माल सापडेपर्यंत 'मुद्देमाल' हा शब्द पोलिसांच्या तोंडी येणार नाही. तोवर ते 'रक्कम' म्हणतील. तेही दुरुस्त करतो.

२८ जुलै, रविवार

काकांचे म्हणणे आठवडाभर डोक्यात घोळले. व्याकरणानेही ते बरोबर आहे. 'गोवले' म्हटले की गोवणारा कोणीतरी असावाच लागतो. 'आळ आला' या शब्दांत कर्ता म्हणून माणूसच नाही, पाऊस यावा तसा आळ येतो. फॉस्टरच्या बेतात रॉल्फ हा माणूस नव्हताच, विशिष्ट वेळी विशिष्ट जागी उभी राहणारी गाडी होती. इंग्रजीतले 'फ्रेम' हे दोन्ही अर्थ एकाच पोटात घालते, त्यामुळे तिथे हा प्रश्न निघत नाही.

पण सगळीकडे 'आळ' घालून चालत नाही. रॉल्फला हे माहीत नाही. कोणीतरी मुद्दाम आपल्याला हेरून अडकवले, या समजुतीनेच तो पेटून सीमा ओलांडतो, आणि तिथे त्याच्या तोंडी 'आळ आला' घातले तर तो नशिबाला दोष देत घरी बसेल. म्हणून शब्द बोलणाऱ्याप्रमाणे वाटून दिला. रॉल्फ 'अडकवलं' म्हणेल. नोकरी गेल्यावर त्याच्याविषयी इतर लोक 'आळ' म्हणतील. फॉस्टरच्या तोंडी दोन्हीपैकी एकही नाही. तो या विषयावर बोलताना फक्त 'तो ड्रायव्हर' म्हणतो. माझ्या अर्जांमधला 'गोवले' संपूर्ण फाइलमधून काढला. शोधून बदलायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

४ ऑगस्ट, रविवार

वाचनालयाच्या सभागृहातल्या प्रोजेक्टरवर चाचणी घेतली. तिथल्या संगणकावरच्या फाँटने जोडाक्षरे मोडून 'कॅप्टन'मधला प् पाय मोडलेला दाखवला, म्हणून ओळी चित्रातच छापून नवी फाइल केली. पांढऱ्या अक्षरांना काळी कड दिली, कारण बोटीवरच्या शेवटच्या प्रसंगात उजेड असल्यामुळे नुसती पांढरी अक्षरे विरून जात होती.

त्याच प्रसंगाची शेवटची दुरुस्ती केली. रोमानोची गोळी लागलेला फॉस्टर मरता मरता रॉल्फला निर्दोष ठरवतो, आणि आपण काय केले हे मुलीला कळू देऊ नये अशी विनवणी करतो. आतापर्यंत तो रॉल्फशी 'तू'ने बोलत आला आहे. इथे मी एकदा 'तुम्ही' लिहून पाहिले, ओळ लावून पाहिली, आणि परत 'तू' केले. निवृत्त कॅप्टन मरताना विनवणी करील, पण चालकाला अहोजाहो करणार नाही. काकांना फोन करून विचारले. ते म्हणाले, "तूच राहू द्या. आणि त्या पोरीला नका सांगू."